मेडिकलचे विद्यार्थी रिहॅबिलिटेशन कसं शिकतात? शिकवण्याच्या पद्धती, सिम्युलेशन आणि मोबाइलचा खरा उपयोग

डॉक्टर कसं व्हायचं यावर यूट्यूबवर भरपूर व्हिडिओ आहेत. नीट, कॉलेज, डिसेक्शन, नाइट ड्युटी, सगळं त्यात सापडतं. पण अर्धांगवायूचा झटका आलेल्या आजोबांना पलंगावरून खुर्चीत कसं आणायचं, हे डॉक्टर कुठे आणि कसं शिकतात? यावर मराठीत मला तरी फारसं काही सापडलं नाही. म्हणून हा लेख.

मी एका मेडिकल कॉलेजच्या पुनर्वसन विभागात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना आणि इंटर्न्सना शिकवते. त्यामुळे दोन प्रश्न मला सारखे विचारले जातात. पहिला, “मॅडम, हे सगळं व्हिडिओ बघून शिकता येणार नाही का?” आणि दुसरा, “यासाठी एखादं ॲप आहे का?” या लेखात आपण शिकवण्याच्या पद्धती एकेक करून पाहू आणि त्यात मोबाइल, व्हीआर, एआय यांची नेमकी जागा कुठे, तेही पाहू. उदाहरण शक्यतो एकच ठेवते: उजवी बाजू कमजोर झालेले एक काका आणि त्यांना पलंगावरून व्हीलचेअरमध्ये आणायचं काम.

रिहॅबिलिटेशन म्हणजे नक्की काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर आजारानंतर किंवा अपघातानंतर माणसाला त्याचं रोजचं आयुष्य पुन्हा जगता यावं यासाठी केलेलं काम म्हणजे रिहॅबिलिटेशन, म्हणजेच पुनर्वसन. यातल्या डॉक्टरी शाखेला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, थोडक्यात पीएमआर म्हणतात. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ, नर्स आणि समाजसेवा अधिकारी असे बरेच लोक यात एकत्र काम करतात.

मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही केंद्र सरकारची संस्था १९५५ पासून आहे. म्हणजे विषय नवा नाही. गरजही लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २४० कोटी लोकांना अशी आरोग्य-स्थिती आहे, जिथे पुनर्वसनाचा फायदा होऊ शकतो. म्हणजे साधारण दर तीन माणसांमागे एक. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे. यातले सगळे रुग्ण पीएमआरच्या डॉक्टरकडे जात नाहीत. बहुतेक जण आधी गावातल्या किंवा गल्लीतल्या एमबीबीएस डॉक्टरकडे जातात. म्हणूनच प्रत्येक विद्यार्थ्याला हे थोडं तरी यायलाच हवं.

हे शिकवणं इतर विषयांपेक्षा वेगळं का?

मेडिकलचा विद्यार्थी पहिल्या वर्षापासून एक गोष्ट शिकत असतो: रोग ओळखायचा आणि आपण काहीतरी करायचं. इंजेक्शन द्यायचं, टाके घालायचे, औषध लिहायचं. करणारा डॉक्टर असतो. पुनर्वसनात करणारा रुग्ण असतो. डॉक्टरनं उचलून खुर्चीत ठेवलं तर काम पटकन होतं, पण त्या दिवशी काका काहीच शिकत नाहीत. त्यांना थोडं पुढे वाकू द्यायचं, स्वतःच्या डाव्या पायावर जोर घेऊ द्यायचा, पडणार नाहीत एवढाच आधार द्यायचा आणि थांबायचं. हे थांबणं नव्या विद्यार्थ्याला सगळ्यात जड जातं.

दुसरा फरक प्रश्नांचा. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीएफ नावाची एक चौकट मांडली. तिच्यानुसार रुग्णाकडे तीन पातळ्यांवर बघायचं. शरीरात काय बिघडलं, त्यामुळे कोणती कामं अडली आणि त्यामुळे आयुष्यात कुठे सहभाग घेता येत नाही. आमच्या काकांच्या बाबतीत: उजवा पाय कमजोर आहे, उभं राहता येत नाही, आणि म्हणून संध्याकाळी चौकातल्या टपरीवर मित्रांसोबत बसणं बंद झालंय. सोबत घर, रस्ता, घरातली माणसं या परिस्थितीचाही विचार करायचा. विद्यार्थी केस सांगताना बहुधा पहिल्या पातळीवर थांबतो. शिकवणाऱ्याचं काम त्याला टपरीपर्यंत नेण्याचं.

जयपूर फूट हे याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण. १९६० च्या दशकाच्या शेवटी कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो तयार केला. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बूट घालून चालायला ठीक होता, पण आपल्याकडे माणूस उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात जातो. हा पाय त्या गरजा धरून बनवला गेला. वर्गात मी हे उदाहरण इतिहास म्हणून सांगत नाही. “तुमचा रुग्ण घरी नेमका कसा बसतो?” हा प्रश्न विचारायची सवय लागावी म्हणून सांगते.

आधी एक नकाशा: मिलरचा पिरॅमिड

कुठली पद्धत कशासाठी, हे समजायला एक सोपं चित्र आहे. १९९० मध्ये जॉर्ज मिलर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं ते मांडलं. त्यात खालून वर चार थर आहेत:

• माहीत आहे: अर्धांगवायूत कमजोर बाजूचा खांदा जपावा लागतो, हे त्याला ठाऊक आहे.
• कसं करायचं ते माहीत आहे: खुर्ची कुठल्या बाजूला लावायची आणि का, हे तो सांगू शकतो.
• करून दाखवतो: स्किल लॅबमध्ये मित्राला रुग्ण बनवून तो ते करतो.
• प्रत्यक्ष करतो: वॉर्डात, खऱ्या काकांसोबत, गर्दीत आणि घाईतही नीट करतो.

भारतात २०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्यात प्रत्येक कौशल्यापुढे विद्यार्थ्यानं यातल्या कुठल्या थरापर्यंत पोचायचं ते लिहिलेलं असतं. स्किल लॅबही त्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे.

आता व्हिडिओच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. चांगला व्हिडिओ पहिले दोन थर मस्त चढवतो. तिसऱ्यासाठी हात चालवावे लागतात आणि कुणीतरी बघावं लागतं. चौथ्यासाठी रुग्ण लागतो. हा नकाशा डोक्यात ठेवून आता पद्धती पाहू.

पद्धत १: चार टप्प्यांचं प्रात्यक्षिक

“एकदा बघा, एकदा करा, मग दुसऱ्याला शिकवा” ही वैद्यकीय शिक्षणातली जुनी म्हण. पुनर्वसनात ती धोक्याची ठरते, कारण एकदा बघताना विद्यार्थी फक्त शेवट बघतो: काका खुर्चीत आले. त्याआधीच्या बारीक गोष्टी नजरेतून सुटतात. म्हणून मी रॉडनी पेटन या सर्जनच्या नावानं ओळखली जाणारी चार टप्प्यांची पद्धत वापरते. ती १९९८ मध्ये मांडली गेली.

१. शिक्षक न बोलता, नेहमीच्या वेगानं सगळं करून दाखवतो.
२. तेच पुन्हा सावकाश, प्रत्येक पायरीचं कारण सांगत करतो.
३. आता विद्यार्थी सांगतो आणि शिक्षक त्याच्या सांगण्यानुसार करतो.
४. विद्यार्थी स्वतः सांगत सांगत करतो.

खरी गंमत तिसऱ्या टप्प्यात आहे. विद्यार्थी म्हणतो, “आता काकांना उभं करा.” मी तशीच थांबते. मग त्याच्या लक्षात येतं की व्हीलचेअरचा ब्रेक लावायला सांगितलंच नाही! रुग्णाला काहीही न होता चूक पकडली जाते.

आमच्या उदाहरणात पायऱ्या साधारण अशा असतात. खुर्ची काकांच्या चांगल्या बाजूला, थोडी तिरकी. दोन्ही ब्रेक लावलेले. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केलेल्या. काकांना पलंगाच्या कडेपर्यंत सरकायला सांगायचं, तळवे जमिनीवर टेकलेले, टाचा गुडघ्याच्या थोड्या मागे. कमजोर गुडघा वाकू नये म्हणून आपला गुडघा त्याला समोरून लावायचा. आधार कमरेला द्यायचा. काकांनी पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं, मग उभं राहायचं, चांगल्या पायावर वळायचं आणि खुर्चीची कड पायाला लागली की डाव्या हातानं खुर्चीचा हात धरून हळूच बसायचं.

यात एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला तीनदा तरी सांगते: कमजोर हात ओढायचा नाही आणि काखेत हात घालून उचलायचं नाही. अर्धांगवायूत खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात. ओढल्यानं सांधा जागेवरून सरकू शकतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. पायाचे व्यायाम छान चाललेले असताना खांदेदुखीमुळे सगळं अडलेले रुग्ण मी पाहिलेत.

(मित्रांनो, हे वाचून घरच्या रुग्णावर थेट प्रयोग करू नका. आधी थेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा.)

आपल्या अभ्यासक्रमात याच धर्तीवर डीओएपी नावाचं सत्र असतं. दाखवणं, निरीक्षण करणं, मदत करणं आणि स्वतः करणं, असा त्याचा क्रम. मधला ‘मदत करणं’ हा भाग इथे फार कामाचा, कारण विद्यार्थ्याला आधी फक्त खुर्ची सांभाळायला देता येते, मग गुडघा, मग सगळं.

पद्धत २: रुग्णाची भूमिका करणारी माणसं

ही पद्धत मला स्वतःला खूप आवडते. १९६३ मध्ये हॉवर्ड बॅरोज या न्यूरोलॉजिस्टनं अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात एका निरोगी बाईला रुग्णाची भूमिका शिकवली. भूमिका होती मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे दोन्ही पाय लुळे पडलेल्या स्त्रीची. विद्यार्थ्यांनी तिला तपासायचं आणि नंतर तिनंच सांगायचं की कोण कसं वागलं. आज जगभर ‘स्टँडर्डाइज्ड पेशंट’ म्हणून जी पद्धत वापरली जाते तिची सुरुवात अशी झाली. म्हणजे पहिली भूमिकाच पुनर्वसनात रोज भेटणाऱ्या रुग्णाची होती!

फायदा काय? प्रत्येक विद्यार्थ्याला तोच रुग्ण, तीच तक्रार मिळते. चुकलं तर पुन्हा करता येतं. आणि मॅनिकिन जे सांगू शकत नाही ते हा माणूस सांगतो: “तुम्ही माझ्याशी न बोलता थेट माझा पाय उचललात. मला दचकायला झालं.”

पैसे खर्च न करताही हे जमतं. आम्ही दोन विद्यार्थ्यांची जोडी करतो. एकानं उजवा हात वापरायचा नाही, आणि शर्ट घालून दाखवायचा. दोन मिनिटांत त्याला कळतं की कमजोर हात बाहीत आधी घालावा लागतो आणि काढताना तो शेवटी काढायचा असतो. पुस्तकात ही एक ओळ आहे, पण अशी शिकली की विसरत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा तासभर व्हीलचेअरवर बसून ‘अपंगत्व समजलं’ असं होत नाही. नवख्याला पहिल्या तासात फक्त अडचणी दिसतात. दहा वर्षं व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाचं कौशल्य आणि त्याचं रोजचं आयुष्य दिसत नाही, आणि मग उरते ती फक्त कीव. त्यामुळे अशा प्रयोगानंतर व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीलाच शिक्षक म्हणून बोलवावं. रॅम्प किती चढा चालतो, हे तिच्याइतकं नेमकं कोण सांगणार?

पद्धत ३: रुग्णाशेजारी एक-दोन मिनिटांत शिकवणं

ओपीडीत शंभर रुग्ण रांगेत असतात. लेक्चरला वेळ नसतो. यासाठी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ नावाची पाच पायऱ्यांची पद्धत लिहिली. उदाहरणानं बघा:

“मॅडम, काकांना आपण कुठला वॉकर द्यायचा?”
“तुला काय वाटतं?” (आधी विद्यार्थ्यानं स्वतःचं मत द्यायचं.)
“चार पायांचा, नेहमीचा.”
“का?” (कारण विचारायचं.)
“तोल जातोय ना त्यांचा.”
“वॉकर धरायला दोन्ही हातांची पकड लागते. उजव्या हातात पकड नसेल तर आधी काठीचा विचार करायचा, चांगल्या हातात.” (एकच नियम शिकवायचा.)
“तोल तू नीट तपासलास, ते बरोबर केलंस.” (बरोबर ते सांगायचं.)
“पुढच्या वेळी साधन ठरवण्याआधी हाताची पकड बघ.” (काय सुधारायचं ते सांगायचं.)

संपलं! मुद्दा असा की मी लगेच उत्तर दिलं असतं तर त्याच्या विचारातली चूक मला कळलीच नसती. पुनर्वसनात आम्ही रुग्णाला जे करू देतो तेच इथे विद्यार्थ्याला करू देतोय.

पद्धत ४: ओएससीई आणि मिनी-सीईएक्स

परीक्षा ही पण शिकवण्याची पद्धतच आहे, कारण मुलं परीक्षेत जे विचारतात तेच मनापासून शिकतात. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या रोनाल्ड हार्डन यांनी सहकाऱ्यांसोबत ओएससीई ही पद्धत मांडली. यात अनेक स्टेशन्स असतात. घंटा वाजली की पुढच्या स्टेशनवर जायचं. एका ठिकाणी स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये मोजायची, दुसऱ्या ठिकाणी काठीची उंची ठरवायची, तिसऱ्या ठिकाणी नातेवाइकाला समजावून सांगायचं. परीक्षकाकडे चेकलिस्ट असते, त्यामुळे सगळ्यांना एकच माप लागतं.

पण ओएससीई मिलरच्या तिसऱ्या थरावर थांबते. चौथ्या थरासाठी मिनी-सीईएक्स आहे. १९९५ मध्ये जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी ती मांडली. शिक्षक साधारण १५ ते २० मिनिटं विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णासोबत काम करताना गप्प बसून बघतो आणि लगेच काही मिनिटं फीडबॅक देतो. ‘गप्प बसून’ हा शब्द महत्त्वाचा. बऱ्याच ठिकाणी विद्यार्थी केस सांगतो ते ऐकलं जातं, तो तपासतो कसा ते कुणी बघतच नाही.

मोबाइल आणि टेक्नॉलॉजी: कुठे उपयोगी, कुठे नाही?

आता तुमच्या आवडीचा भाग.

१) मोबाइल हा कोनमापक

सांधा किती वाकतो हे गोनिओमीटरनं मोजतात. मोबाइलमध्येही असं करणारी ॲप्स आहेत. ती चालतात कशी? फोनमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. फोन किती कलला, हे त्यावरून कळतं. काका बसलेले असताना हात बाजूनं वर नेला तर हालचाल उभ्या पातळीत होते, म्हणून आकडा चांगला मिळतो.

पण बसलेल्या माणसानं मान डावीकडून उजवीकडे वळवली तर? फोन गोल फिरतो, कलत मात्र नाही. गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नाही! मग ॲपला होकायंत्राचा सेन्सर किंवा जायरोस्कोप वापरावा लागतो. होकायंत्र वॉर्डातल्या लोखंडी खाटेजवळ गंडतं आणि जायरोस्कोपचा आकडा वेळ जाईल तसा सरकत जातो. शिवाय फोनचा कॅमेरा मागे वर आलेला असेल तर फोन अंगावर सपाट बसत नाही, ते वेगळंच.

म्हणून मी दोन विद्यार्थ्यांना एकच गुडघा आधी साध्या गोनिओमीटरनं आणि मग फोननं मोजायला लावते. साधारण ५ अंशांचा फरक हा मोजण्यातलाच फरक असू शकतो. त्यामुळे “काल ९० होता, आज ९३, सुधारणा आहे” असं लिहिण्याआधी विद्यार्थी दोनदा विचार करतो.

२) स्टॉपवॉच

सगळ्यात कमी कौतुक होणारं ॲप! ‘टाइम्ड अप अँड गो’ चाचणीत रुग्ण खुर्चीतून उठतो, ३ मीटर चालतो, वळतो, परत येऊन बसतो. वयस्कर माणसाला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. लागतं काय? खुर्ची, जमिनीवर एक खूण आणि फोन. बाजूला उभा राहून काळजी घेणारा माणूस मात्र हवाच.

३) व्हिडिओ

विद्यार्थ्याचाच व्हिडिओ काढणं फार उपयोगी. “तू काखेत हात घातलास” असं मी सांगितलं की तो म्हणतो, “नाही मॅडम!” व्हिडिओ दाखवला की वाद संपतो. रुग्णाची चाल समजून घ्यायलाही स्लो मोशन छान. फोन हातात न धरता कमरेच्या उंचीवर स्टँडला लावायचा, एकदा बाजूनं आणि एकदा समोरून शूट करायचं. पाऊल लोंबतंय का, पाय गोल फिरवून पुढे टाकतायत का, हे डोळ्यानं सुटलेलं त्यात दिसतं.

४) व्हीआर आणि मॅनिकिन

व्हीआर हेडसेट घालून रुग्णाच्या घरात फिरता येतं आणि उंबरठा, अंधारा जिना, भारतीय पद्धतीचा संडास या अडचणी शोधता येतात. या कामासाठी उत्तम. पण दुसऱ्या माणसाचं वजन आपल्या गुडघ्यावर येतं तेव्हा काय वाटतं, हे हेडसेटमधून कळत नाही. ताठरलेला स्नायू हाताला कसा लागतो, हेही नाही.

५) एआय चॅटबॉट

“तू अर्धांगवायूचा रुग्ण आहेस, माझ्याशी मराठीत बोल” असं सांगून प्रश्न विचारायचा सराव करता येतो. लाजाळू विद्यार्थ्यांना याचा फायदा होतो. दोन नियम पाळा: खऱ्या रुग्णाची माहिती त्यात टाकायची नाही आणि त्यानं सांगितलेला उपचार शिक्षकाला विचारल्याशिवाय खरा मानायचा नाही.

फोन खिशातून काढण्याआधी: रुग्णाची परवानगी

हा भाग प्लीज सोडू नका. वॉर्डात काढलेला व्हिडिओ मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला की तो प्रत्येकाच्या गॅलरीत आपोआप सेव्ह होऊ शकतो आणि तिथून क्लाउड बॅकअपमध्ये जातो. मग ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबूनही सगळ्या प्रती जातीलच असं नाही. चेहरा ब्लर केला तरी आवाज, गोंदण, खाटेमागचा बोर्ड, केस पेपरवरचं नाव यावरून माणूस ओळखू येतो. फाइलमध्ये लोकेशनही राहू शकतं. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. आणि कायदा नसता तरी रुग्णाची गोपनीयता ही डॉक्टरची जबाबदारी आहेच.

आमचा साधा नियम असा: का शूट करतोय, कोण बघणार, कधी डिलीट होणार हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगायचं. लेखी परवानगी घ्यायची. विभागाच्याच उपकरणावर शूट करायचं. रुग्ण नाही म्हणाला तर विषय संपला, उपचारात काहीही फरक पडणार नाही हेही त्याला सांगायचं.

परवानगी फक्त व्हिडिओपुरती नसते. एकदा एका बॅचचे सहा जण एकाच काकांचा हात आळीपाळीनं तपासत होते. चौथ्याच्या वेळी काका शांतपणे म्हणाले, “बाळा, सकाळपासून हा हात उचलून उचलून दमलोय. आता जेवायला तरी उरू दे थोडी ताकद.” अर्धांगवायूत थकवा हा आजाराचाच भाग असतो. त्या दिवसापासून आमच्याकडे एका रुग्णाला एका सत्रात दोनच विद्यार्थी तपासतात, बाकीचे बघतात आणि उरलेला सराव एकमेकांवर करतात. सिम्युलेशनचा सगळ्यात मोठा फायदा कुणी विचारला तर मी हाच सांगेन: रुग्णाची ताकद वाचते.

थोडक्यात: कशासाठी काय?

• माहिती आणि कारणं: व्हिडिओ, लेक्चर, पुस्तक
• हाताचं कौशल्य: चार टप्प्यांचं प्रात्यक्षिक, जोडीनं सराव
• बोलणं आणि वागणं: भूमिका करणारे रुग्ण, दिव्यांग व्यक्ती शिक्षक म्हणून
• विचार करायची सवय: वन मिनिट प्रिसेप्टर
• सराव नीट झाला का: ओएससीई
• प्रत्यक्षात नीट करतो का: मिनी-सीईएक्स

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मेडिकलचा विद्यार्थी आहे. पोस्टिंग छोटी आहे, सगळ्यात आधी काय शिकू?
तीन गोष्टी. पलंगावरून खुर्चीत सुरक्षित आणणं, स्नायूंची ताकद मोजणं आणि बार्थेल इंडेक्स भरणं. बार्थेल इंडेक्स १९६५ चा आहे. त्यात जेवण, अंघोळ, कपडे, जिना अशा १० कामांवरून १०० पैकी गुण देतात. पण त्यात जमिनीवरून उठणं-बसणं विचारलेलं नाही. आपल्या घरांसाठी ते तुम्ही वेगळं विचारा.

थेरपिस्टकडून शिकलं तर चालतं का?
चालतं काय, शिकायलाच हवं! खुर्चीत आणायचं काम रोज तेच करतात. त्यांच्यासोबत काढलेला एक तास फार उपयोगी पडतो.

आमच्या घरी रुग्ण आहे. विद्यार्थी तपासायला आले तर?
तुम्ही किंवा रुग्ण नाही म्हणू शकता. हो म्हणालात तर त्यांना आधी नाव सांगायला आणि काय करणार ते समजावायला सांगा. आणि डिस्चार्जच्या आधी थेरपिस्टला म्हणा, “आम्हाला एकदा दाखवा, मग आम्ही करून दाखवतो, तुम्ही बघा.” तुम्हाला आता कळलंच असेल, डॉक्टरांनाही असंच शिकवतात.

तर मित्रांनो, ही होती मेडिकलचे विद्यार्थी रिहॅबिलिटेशन कसं शिकतात याची माहिती. काही शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा, आणि घरात अर्धांगवायूचा रुग्ण असलेला कुणी मित्र असेल तर खांद्याबद्दलचा भाग त्याला नक्की पाठवा.